टाइप घासणारा मुलगा

(महाळुंगे येथील ग्रंथालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना तुम्ही सगळे गुरुजी म्हणता, मीही तसंच म्हणतो. महाळुंग्याच्या शिवारात कारखान्यांच्या भिंती उभ्या राहण्याआधीपासून ते या ग्रंथालयाचं काम बघत होते. त्यांच्या एका सवयीमुळे आजचा विषय मला सुचला. नवं पुस्तक आलं की गुरुजी आधी मुखपृष्ठाच्या आतलं दुसरं पान उघडायचे. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, छापखाना कुठल्या गल्लीतला, हे सगळं ते दाखल-नोंदवहीत उतरवून घ्यायचे. कुणी विचारलं तर सांगायचे की लेखकाचं नाव बाहेर ठळक असतं, त्याची काळजी कुणी करायला नको. आतल्या पानावरच्या माणसांचं नाव मात्र कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

त्याच आतल्या पानावरच्या माणसांविषयी आज बोलायचं आहे. मराठी प्रकाशनातली बरीच नावं ही घराण्यांची नावं आहेत. मुंबईतले ढवळे, भटकळ, भागवत, पुण्यातले कुलकर्णी, कोल्हापुरातून पुण्यात आलेले मेहता. प्रत्येकावर एकेक व्याख्यान होईल. पण मी या सगळ्यांच्या आधीचं एक घर निवडलं आहे, आणि ते मुद्दाम या गावासाठी निवडलं आहे. हे घर आहे जावजी दादाजी चौधरी यांचं आणि त्यांच्या छापखान्याचं नाव निर्णयसागर.

हे घर इथे का, ते सांगतो. तुमच्याकडे प्रेस म्हटलं की पत्रा दाबणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. माझ्या डोळ्यांसमोर छापखाना येतो. पण जावजींची गोष्ट तुमच्या प्रेसशॉपमधल्या, टूलरूममधल्या माणसाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. मी ती पुस्तकांतून शिकलो, तुमच्या हातांना ती आधीपासून माहीत आहे.

जावजींचा जन्म 1839 सालचा, मुंबईतला. घरची गरिबी. शाळेत फार दिवस जाता आलं नाही आणि कोवळ्या वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार महिना दोन रुपये आणि काम टाइप घासण्याचं.

टाइप घासणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या वाङ्मयप्रेमी श्रोत्यांना समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागतात. इथे लागणार नाहीत. आधी पोलादाच्या लहानशा दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. ते पोलाद कडक करायचं. मग ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं, म्हणजे तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. तो ठसा साच्यात बसवायचा आणि वरून शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. निव्वळ शिसं मऊ पडतं, शिवाय थंड होताना आकसतं. अँटिमनीनं त्याला कडकपणा येतो आणि कडा धारदार उतरतात. साचा उघडला की खिळा बाहेर पडतो. छापखान्यात टाइपला खिळाच म्हणायचे, खिळे जुळवणारा तो जुळारी. त्या खिळ्याच्या बुडाशी ओतकामाची शेपटी राहिलेली असते आणि अंगाला बर आलेला असतो. शेपटी मोडायची, बर काढायचा आणि चारही बाजू घासून सारख्या करायच्या. एका खिळ्याची उंची इंचापेक्षा जराशी कमी असते, पण ती जेवढी असायला हवी तेवढीच असावी लागते. केसभर उंच राहिला तर कागद फाटतो, केसभर बुटका राहिला तर अक्षर उमटत नाही. एका पानात असे हजार-दीड हजार खिळे शेजारी शेजारी उभे असतात आणि सगळ्यांची डोकी एका पातळीत लागतात.

म्हणजे आजच्या तुमच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा डाय-कास्टिंगच्या विभागात डिबरिंगला लागला होता. सगळ्यात खालचं काम. नवशिक्याला पहिल्या दिवशी देतात ते काम.

मी स्वतः शाळेच्या उन्हाळी सुट्टीत पुण्यातल्या एका लहान छापखान्यात काम केलं आहे. टाइप घासण्याचं नाही, ते दिवस तेव्हा संपले होते. छापून झालेले खिळे परत आपापल्या खान्यांत टाकण्याचं. देवनागरीची केस म्हणजे एक गावच असतं. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, त्यांची लहान-मोठी रूपं, थोडे आकडे, संपलं. आपल्याकडे मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार असे शेकडो खाने. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून जुळवलेलं एक अख्खं पान निसटलं आणि फरशीवर सांडलं. मालक रागावले नाहीत. त्यांनी मला खाली बसवलं आणि एकेक खिळा उचलून त्याच्या खान्यात टाकायला लावला. संध्याकाळपर्यंत मला कळलं होतं की ‘त्र’ आणि ‘न्न’ यांची जागा कुठे आहे आणि अक्षराला वजन असतं. त्या दिवशी बोटं काळी झाली, रात्री घासली तरी निघाली नाहीत. आजही एखाद्या पानावर सुबक जोडाक्षर दिसलं की माझं बोट आपोआप त्यावरून फिरतं. म्हणून जावजींविषयी बोलताना मी त्यांच्या संस्कृत ग्रंथांपासून सुरुवात करू शकत नाही. मला आधी तो घासणारा हात दिसतो.

मिशनच्या त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे कारागीर होते. देवनागरीचे लहान आकाराचे, देखणे टाइप त्यांनी तयार केले. जावजी त्यांच्या नजरेखाली घडले. पुढे ते टाइम्सच्या छापखान्यात गेले, तिथून इंदुप्रकाशात, मग ओरिएंटल छापखान्यात. प्रत्येक ठिकाणी काम टाइपशीच निगडित. एका कारखान्यातून दुसऱ्यात जात जात माणूस कसा तयार होतो हे भोसरी-चाकण पट्ट्यात कुणाला सांगायला नको. आणि 1864 साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. सोबत होते राणोजी रावजी आरू, अक्षर कोरण्यात ज्यांचा हात धरणारा सापडणं कठीण असे कारागीर. एकानं धंदा सांभाळायचा, दुसऱ्यानं पोलादावर अक्षर कोरायचं. छापखाना नंतर आला, 1869 साली. आधी हत्यार, मग माल. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज पैसे असलेला माणूस प्रकाशन काढतो आणि छपाई बाहेरून करून घेतो. जावजींनी आधी अक्षर बनवलं, मग त्या अक्षरात पुस्तक छापलं. इतर छापखानेही त्यांच्याकडून टाइप विकत घेत. म्हणजे प्रतिस्पर्धी वाढले तरी कारखान्याला कामच मिळत होतं.

1869 हे साल देहूच्या इतक्या जवळ बसून उच्चारताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या इंदुप्रकाशात जावजींनी नोकरी केली होती, त्याच छापखान्यातून त्याच वर्षी तुकोबांच्या गाथेच्या प्रसिद्ध इंदुप्रकाश प्रतीचा पहिला भाग बाहेर पडला. दुसरा 1873 साली आला. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित हे तिचे संपादक. ज्या वह्यांची कथा इंद्रायणीच्या डोहाशी जोडलेली, ते अभंग मुंबईत शिशाच्या खिळ्यांवर चढले.

आता छापखान्याच्या नावाकडे वळू. निर्णयसागर हे नाव ऐकायला एखाद्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं वाटतं आणि तसं वाटणं बरोबरच आहे. व्रत कुठल्या दिवशी करायचं, एकादशी आज की उद्या, याचा निर्णय पंचांग देतं. जावजींच्या छापखान्यानं आरंभापासून पंचांग छापलं. माझ्या मते मराठी प्रकाशनाच्या इतिहासात सगळ्यात कमी लक्ष कशाकडे दिलं गेलं असेल तर ते पंचांगाकडे. कादंबऱ्यांचे, मासिकांचे, कवितासंग्रहांचे इतिहास लिहिले गेले. पण घराला दरवर्षी भात कुणी घातला? पंचांगानं.

त्यासाठी जावजींच्याही मागे जावं लागतं. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले गृहस्थ, तेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करणारे. मिशनरी आपल्या धर्माची पुस्तकं छापतात तर आपल्या लोकांसाठी आपण का छापू नयेत, या विचारानं ते पेटले. यंत्र आणायला पैसा नव्हता. त्यांनी लाकडाचं यंत्र स्वतः तयार केलं, शिळेवरच्या छपाईचे प्रयोग केले, शाई घरी बनवली. गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 साली ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांची ही खटपट नोंदवून ठेवली आहे. आणि 1831 साली गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं.

त्या काळी छापील कागद सोवळ्यात चालत नसे. शाईत चरबी असते, तिला हात लावला की विटाळ. बरीच माणसं छापील पुस्तक हातात घ्यायला तयार नव्हती. म्हणून गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई केली असं सांगतात. मला या तुपाच्या शाईत धंद्याची फार मोठी समज दिसते. गिऱ्हाइकाची शंका त्यांनी खोडून काढत बसण्यापेक्षा मालात बदल केला. पोथी-पुराणं छापली असती तरी लोकांनी हस्तलिखितांवर भागवलं असतं. पंचांगाचं तसं नाही. ते दरवर्षी नवं लागतं, आणि ज्योतिष्यानं हातानं किती प्रती लिहायच्या? गरज आणि छपाई यांची गाठ पंचांगातच पडली. छापील कागद मराठी माणसाच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचला तो त्या वाटेनं.

पंचांग छापणं सोपं नाही. सगळी पानं कोष्टकांची. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, घटी, पळं. हातानं जुळवायचं असेल तर ओळीतल्या प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना रेघेचे तुकडे बसवायचे. एक आकडा उलटसुलट झाला तर हजारो घरांत उपवास चुकीच्या दिवशी. आणि तारीख ठरलेली. गुढीपाडव्याला सकाळी पंचांग घरात पूजेला हवं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आलेलं पंचांग कुणी घेत नाही. कादंबरी पावसाळ्यात निघायची ती दिवाळीत निघाली तरी चालतं. पंचांगाला उशीर माफ नसतो. चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदाराला हे लगेच कळेल. मोठ्या कंपनीच्या लाइनवर भाग ठरलेल्या तासाला पोचला नाही तर गाडी थांबते, आणि पुढच्या वेळी ऑर्डर दुसऱ्याला जाते. असं काम दरवर्षी वेळेवर करणारा छापखाना मग कुठलंही काम करू शकतो. माझं ठाम मत आहे की निर्णयसागरचा जो शुद्धपणा पुढे सगळ्या हिंदुस्थानात वाखाणला गेला, त्याचा पाया तिथे आहे.

त्या पायावर जावजींनी जे उभं केलं ते थक्क करणारं आहे. 1881 पासून विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ हे मुलांचं मासिक निर्णयसागरात निघू लागलं आणि ओकांच्या हयातीत अखंड चाललं. 1886 साली ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी तिचं संपादन केलं. संस्कृत काव्यं, नाटकं, अलंकारशास्त्राचे ग्रंथ, जे पंडितांच्या घरी, मठांत, संस्थानिकांच्या पोथीखान्यांत हस्तलिखितांच्या रूपात पडून होते, ते एकेक करून छापून निघाले. ही माला पुढे नव्वदहून अधिक खंडांपर्यंत गेली. परबांचंच ‘सुभाषितरत्नभांडागार’ संस्कृत शिकवणाऱ्या घराघरात पोचलं. प्राचीन मराठी कवींसाठी ‘काव्यसंग्रह’ हे मासिक निघालं, वामन दाजी ओक त्याचे संपादक. मोरोपंत, वामनपंडित अशा कवींच्या रचना त्यातून सुटसुटीत रूपात वाचकांच्या हाती आल्या.

हे सगळं करणारा मालक स्वतः संस्कृतचा पंडित नव्हता. त्यानं पंडितांना कामाला लावलं, त्यांना मान दिला, आणि त्यांच्या हाताखाली असे जुळारी ठेवले की ज्यांना मूळ श्लोक मोठ्या टाइपात आणि टीका लहान टाइपात एकाच पानावर चुकीशिवाय बसवता येत होती. निर्णयसागरचं जुनं पान उघडून बघा. मधे ठसठशीत मूळ, खाली बारीक टीका, तळाला पाठभेद. तीन आकारांचे टाइप आणि सगळे एकाच घराण्याचे, एकमेकांशी सोयरीक जुळलेले. कारण तीनही आकार एकाच कारखान्यात कोरले आणि ओतले गेले. बाहेरून टाइप विकत घेणाऱ्या छापखान्याला हे साधत नाही.

जावजी 1892 साली वारले. वय त्रेपन्न. आता इथून पुढची गोष्ट कुणी नीट लिहून ठेवलेली मला मिळाली नाही, म्हणून मी गुरुजींची सवय वापरली. आतलं पान उघडलं.

माझ्या टेबलावर काही दिवस निर्णयसागरची जुनी पुस्तकं होती. या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून नाव येतं तुकाराम जावजी. छापखान्याला मात्र अजून जावजी दादाजींचा म्हटलेलं. म्हणजे बाप गेला तरी पाटी त्याच्याच नावाची. मग 1930 च्या सुमाराची पुस्तकं काढली. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता त्याच दशकातली. तिथे नाव पांडुरंग जावजी. पत्ता कोलभाट लेन, मुंबई. खाली मुद्रक रामचंद्र येसू शेडगे. त्याच यादवजींची चरकसंहिता 1941 सालची. संपादक तेच, छापखाना तोच, अक्षर तेच, शेडगेही तेच. आणि प्रकाशकाच्या जागी नाव आहे सत्यभामाबाई पांडुरंग.

मी त्या नावाशी बराच वेळ थांबलो. आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. त्या नावाच्या घडणीतच घरात काय झालं असेल ते दिसतं. 1941 साल, मुंबई, संस्कृत वैद्यकाचा भलामोठा ग्रंथ, हजारो सूत्रं, त्यावर चक्रपाणिदत्ताची टीका; आणि त्या ग्रंथाच्या प्रकाशनाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणारी एक मराठी बाई. पुढे दहा-बारा वर्षं, 1950 नंतरच्या पुस्तकांवरही हेच नाव भेटतं. संस्कृत प्रकाशनाच्या इतिहासात पंडितांची नावं सोन्याच्या अक्षरांत आहेत आणि ती असायलाच हवीत. सत्यभामाबाईंवर मला एकही लेख वाचायला मिळाला नाही. आयुर्वेद महाविद्यालयांतली मुलं पिढ्यानपिढ्या तीच चरकसंहिता हाताळत आली आहेत. मूळ छपाई संपल्यावर बनारसच्या चौखंबासारख्या प्रकाशकांनी त्याच पानांच्या छायाप्रती काढल्या. म्हणजे आज एखादा वैद्य जे पान वाचतो त्यावर आरूंनी कोरलेल्या अक्षरांचा वंश आहे, शेडग्यांच्या जुळाऱ्यांच्या बोटांचा ठसा आहे आणि सत्यभामाबाईंच्या नावानं केलेला खर्च आहे.

शेडग्यांचंही नाव मी मुद्दाम घेतो आहे. घरचा धंदा म्हटला की आपण वारस मोजतो. पण जो माणूस वर्षानुवर्षं मालकाची पिढी बदलताना मुद्रक म्हणून त्याच ओळीत टिकून राहतो, तोही त्या घराचाच भाग असतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये असा एखादा जुना फिटर असेल, ज्याला मालकाचा मुलगा काका म्हणतो. धंदा मुलाच्या नावावर असतो आणि यंत्राचा आवाज काकांना कळतो.

घर मग का थांबलं? एका कारणानं थांबत नाही. संस्कृतचा वाचक कमी झाला, यांत्रिक जुळणी आली, हातानं ओतलेल्या खिळ्याची किंमत राहिली नाही. माझा स्वतःचा कौल असा आहे की ज्या घराची ताकद अक्षर बनवण्यात होती, त्या घराला अक्षर बनवण्याचं तंत्र बदलल्याचा फटका सगळ्यात आधी बसतो. तुमच्याकडे इंजिनाचे भाग बनवणारे लहान कारखानदार आज विजेवरच्या गाड्यांकडे बघून जी चिंता करतात, ती हीच. निर्णयसागरचं ग्रंथप्रकाशन मंदावत गेलं.

पंचांग मात्र थांबलं नाही, त्याची घरं बदलत गेली. सोलापूरच्या दाते घराण्याच्या पंचांगानं शंभरी ओलांडली. गिरगावातल्या ढवळ्यांनी स्तोत्रं, पोथ्या आणि पंचांगं यांच्यावर प्रकाशन उभं केलं. आणि 1973 साली जयंतराव साळगावकरांनी पंचांग पोथीतून काढून भिंतीवर टांगलं. मालवणचा हा माणूस आधी शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवत होता. सामान्य माणूस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पेन्सिल घेऊन किती वेळ रमतो हे त्यांना ठाऊक होतं. ‘कालनिर्णय’ या नावातला ‘निर्णय’ बघा, शंभर वर्षांपूर्वीच्या छापखान्याच्या नावातला तोच शब्द. जयंतरावांची खरी कल्पकता मला पानाच्या मागच्या बाजूला दिसते. भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू तोवर कोरी असायची, ती त्यांनी लेखांना दिली. चांगल्या लेखकाचा लेख वाण्याच्या दुकानातून घराघरात गेला, जिथे पुस्तकांचं दुकान कधी पोचलं नव्हतं. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तो धंदा अनेक भाषांत नेला. 1831 सालच्या शिळाछापापासून स्वयंपाकघरातल्या खिळ्यापर्यंत ही एकच वाट आहे.

कारखान्याच्या गावात बसलो आहे म्हणून आणखी एका घराचं नाव घेऊन पुढे जातो, कारण ते अगदी तुमच्यातलं आहे. कुंडलच्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर बनू लागले. त्या कारखान्यातूनच 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 साली ‘स्त्री’ आलं, 1934 साली ‘मनोहर’. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि कारखान्यातल्या कामगाराच्या घरी विज्ञाननिष्ठ विचार आणि बायकांचे प्रश्न पोचले ते नांगराच्याच रस्त्यानं. कारखाना आणि छापखाना यांचं वैर असतं असं कुणी म्हणालं तर त्याला किर्लोस्करवाडी दाखवा.

मंडळी, आता शेवटी मागणं.

पंचांग ही मराठीत सगळ्यात जास्त छापली गेलेली आणि सगळ्यात कमी जपली गेलेली वस्तू आहे. पाडवा झाला की जुनं पंचांग रद्दीत जातं. वाणी त्यात शेंगदाणे बांधतो. त्यामुळे ज्या कागदानं प्रकाशनाची घरं पोसली, तोच कागद अभ्यासकाला मिळत नाही. निर्णयसागरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं एक पंचांग डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून मी बरीच ग्रंथालयं फिरलो आहे. तुमच्यापैकी अनेक घरं या गावातली मूळची आहेत. बरीच घरं मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून इथे कामाला आलेली आहेत आणि गावाकडे अजून माळे आहेत, देव्हारे आहेत, आजोबांच्या ट्रंका आहेत. दिवाळीत गावी जाल तेव्हा त्या ट्रंका उघडा. जुनं पंचांग, फाटकी पोथी, छापील स्तोत्राची घडी, जे मिळेल ते रद्दीवाल्याला देऊ नका. मागचं-पुढचं पान गेलं असलं तरी चालेल. आतलं दुसरं पान शाबूत असेल तर त्यावर कुणाचं नाव आहे, कुठल्या गल्लीतला छापखाना आहे, ते आधी वाचा आणि मग ते या ग्रंथालयात आणून द्या. गुरुजींची दाखल-नोंदवही अजून कपाटात आहे. तिच्यात पुष्कळ पानं कोरी आहेत.